ब्राह्मीच्या तुपाच्या नोंदी

६ जानेवारी २०२५, सोमवार

भाचा काल रात्री टोरोंटोला परत गेला. जाताना एक किडा डोक्यात सोडून गेला, म्हणून ही वही.

झालं असं, की परवा जेवताना तो म्हणाला, "मावशी, आमच्याकडे लोक घरी गांजाचं लोणी करतात, माहितीय?" आईंच्या (म्हणजे सासूबाईंच्या) हातातला घास तसाच राहिला. कॅनडात १७ ऑक्टोबर २०१८ पासून गांजा कायदेशीर आहे, आणि खाण्याचे पदार्थ वर्षभरानं नियमात आले. दुकानातल्या पाकिटात जास्तीत जास्त १० मिलिग्रॅम टीएचसी (गांजातलं नशा आणणारं द्रव्य) असतं. घरी करणाऱ्यांना असला काही हिशेब नसतो. त्याच्या रूममेटनं केलेल्या ब्राउनीत सगळा माल एका कोपऱ्यात गोळा झाला होता. तिघांना काहीच झालं नाही आणि चौथा रात्रभर भिंत धरून बसला. त्यात खाल्लेलं लगेच चढत नाही. पोटातून यकृतात जाऊन मग असर दिसायला अर्धा तास ते दोन तास लागतात. तेवढ्यात माणूस "काही होत नाही" म्हणून दुसरा तुकडा उचलतो, आणि मग दोन्ही एकदम अंगावर येतात.

आईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे तुपात वनस्पती उतरवायची. आमच्या सासूबाई ब्राह्मीचं तूप करायच्या, ते काय वेगळं होतं?"

भाचा गप्प. मीही.

आमच्या इथे गांजा १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्याखाली येतो. तो रस्ता मला नकोच आहे. पण तुपात वनस्पती उतरवणं ही कला मात्र घरातली आहे, आणि माझ्या पिढीपर्यंत ती पोचलेली नाही. मी नानकटाई, खारी, केक करून विकते. तुपाशी माझं रोजचं देणंघेणं आहे. तरी हे एकदाही केलेलं नाही.

ठरलं: २०० ग्रॅम तूप, ब्राह्मी, पुढे त्याची नानकटाई. औषध म्हणून नाही, तो माझा प्रांत नाही.

८ जानेवारी

बुधवारचा बाजार. गोदाघाटावर त्र्यंबककडून येणाऱ्या एक बाई पाला घेऊन बसतात, त्यांच्याकडे ब्राह्मी मागितली. त्यांनी दिलेली जुडी गोल पानांची, बेडकाच्या पावलासारखी, लांब देठाची. घरी येऊन आईंना दाखवली, त्या खूश. शेजारच्या आयुर्वेद शिकणाऱ्या मुलीनं मात्र नाक मुरडलं. "काकू, ही मंडूकपर्णी. ब्राह्मी म्हणजे छोट्या जाडसर पानांची, पाणथळ जागी पसरणारी, पांढुरकी-जांभळट फुलं येणारी."

दोन्ही वेगळ्या कुळांतल्या आहेत, तरी आपल्याकडे दोघींनाही ब्राह्मीच म्हणतात. आईंच्या सासूबाई गोल पानांचीच वापरायच्या. मग तीच. वाद मिटला, निदान स्वयंपाकघरापुरता.

११ जानेवारी

तूप कढवलं. पंधरा दिवसांची साय, विरजून, घुसळून. म्हशीच्या दुधाची असल्यानं लोणी पांढरंशुभ्र. थंडी इतकी की ताक घुसळताना गरम पाण्याचा हात लावावा लागला, नाहीतर लोणी चिकटून एका जागी बसतं. लोण्यात साधारण ८० टक्के स्निग्धांश, बाकी बहुतेक पाणी आणि थोडा दुधाचा घन भाग. पाणी उडालं की तडतड थांबते, घन भाग तांबूस होऊन तळाला बसतो, तीच बेरी. विड्याचं पान टाकलं, ते कुरकुरीत झालं आणि गॅस बंद केला. ८५० ग्रॅम लोण्याचं साधारण ६६० ग्रॅम तूप निघालं.

बेरीत गूळ घालून आईंनी वाटीभर फस्त केली. ही नोंद त्यांना दाखवणार नाही.

१२ जानेवारी: प्रयोग पहिला

अक्कल गहाण ठेवून केलेला. २०० ग्रॅम तूप गरम केलं, मूठभर धुतलेली ब्राह्मी त्यात सोडली. पानांवर पाणी होतं. चर्रर्र करून तूप ओट्यावर, माझ्या मनगटावर, आणि दिनदर्शिकेवर. पाच मिनिटांत पानं काळी. गाळलेल्या तुपाला जळक्या पालकाचा वास.

चूक उघड आहे. तूप पाण्यासारखं शंभराला थांबत नाही, सहज दीडशे-दोनशे अंशांवर जातं. तिथे नाजूक पानाची राख होते. आई बाजूला उभ्या होत्या, एक शब्द बोलल्या नाहीत. पदरानं ओटा पुसत राहिल्या. ते बोलण्यापेक्षा वाईट.

१५ जानेवारी

पंचवटीतल्या ओळखीच्या वैद्यकाकांकडे गेले. संक्रांत कालच झाल्यामुळे आधी तिळगूळ, मग काम. त्यांनी गणित सांगितलं ते असं: कल्क एक भाग, स्नेह चार भाग, द्रव सोळा भाग. कल्क म्हणजे वाटलेली चटणी, स्नेह म्हणजे तूप किंवा तेल, द्रव म्हणजे रस, काढा, दूध, जे असेल ते. सगळं एकत्र, मंद आचेवर, पाणी उडेपर्यंत. हे प्रमाण आयुर्वेदातल्या जुन्या ग्रंथकाराचं, शार्ङ्गधराचं.

मी विचारलं, "काका, एवढं पाणी घालून परत उडवायचं, मग घालायचंच कशाला?"

ते म्हणाले, "पाणी आहे तोवर तुपाला चढता येत नाही. तो लगाम आहे."

घरी येऊन भाच्याला कळवलं. त्याचं लगेच उत्तर, की तिकडेही लोक लोण्याच्या भांड्यात पाणी घालतात, जळू नये म्हणून. म्हणजे गोदेकाठी आणि ओंटारिओ तळ्याकाठी एकच युक्ती.

आईंच्या रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत म्हटल्यावर वैद्यकाकांनी बजावलं, "त्यांना रोज चमचा चमचा द्यायचा असेल तर आधी त्यांच्या डॉक्टरांना विचार. नानकटाईत खाल्ली एखादी, ते ठीक." वेखंड घालायचा विचार होता (जुन्या ब्राह्मीघृतात वेखंड, कोष्ठ, शंखपुष्पी असतात), तोही त्यांनी रद्द करायला लावला. वेखंड घरच्या अंदाजानं पोटात घ्यायची वस्तू नाही.

१९ जानेवारी: प्रयोग दुसरा

तूप २०० ग्रॅम. कल्क ५० ग्रॅम. द्रव ८०० मिली. निव्वळ रस ८०० मिली काढायचा तर घाटावरची सगळी जुडी लागली असती. म्हणून ४०० ग्रॅम पानं ६०० मिली पाण्यात वाटून फडक्यातून पिळली. तेवढ्याचा ८०० मिली हिरवा रस झाला. प्रमाणात लबाडी आहे, नोंदवून ठेवते.

स्टीलचं पाच लिटरचं पातेलं. एवढं मोठं कशाला, असं वाटलं होतं, पण उकळी आली आणि फेस वर यायला लागला. हिरव्या साबणासारखा. या वनस्पतींत सॅपोनिन असतात, रिठ्यात असतात तसलीच. लहान भांडं असतं तर शेगडी धुवावी लागली असती.

पाकातल्या साखरेसाठी वापरते तो तापमापक लावला. ९८ वर अडकला. पंधरा मिनिटं, अर्धा तास, तास. मला वाटलं बिघडला. नुसतं पाणी उकळून पाहिलं तर तिथेही ९८. मग ट्यूब पेटली: नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटरवर आहे, इथे पाणी शंभराच्या आधीच उकळतं. इतकी वर्षं पाककृतींत १०० वाचत आले आणि आपल्या गावाचा आकडा आज कळला.

साडेतीन तासांनी पाणी उडत आलं. रंग मात्र उतरला. सकाळी पोपटी, दुपारी शेवाळी, संध्याकाळी खाकी. हरितद्रव्याच्या मधोमध मॅग्नेशियमचा एक अणू असतो. उष्णता आणि पानातलं आम्ल मिळून तो बाहेर काढतात आणि हिरवा रंग खाकी होतो. मेथीची भाजी झाकण ठेवून शिजवली की काळपट पडते, तेच हे. मला हिरवंगार तूप हवं होतं. हिरमोड.

पाहुणे आले, घाईत १०१ ला गॅस बंद करून गाळलं.

२७ जानेवारी

बरणीच्या काठाला पांढरी बुरशी. तळाशी पाण्याचा थेंबभर थर. फेकलं. तुपात पाणी राहिलं की ते तूप टिकत नाही, हे दूधवाल्याच्या पोरालाही माहीत आहे.

२ फेब्रुवारी: प्रयोग तिसरा

आई पुण्याला नणंदेकडे. मी माळ्यावरून त्यांच्या सासूबाईंचं पितळी पातेलं काढलं. जाड बुडाचं, कडेला ठोक्याची नक्षी, आत कल्हई. जुनं भांडं, जुनी रीत, असा माझा हिशेब. जाड बुडामुळे आच सारखी लागते हेही खरंच.

बाकी सगळं तेच: २०० ग्रॅम, ५० ग्रॅम, ८०० मिली. पण या वेळी रस काढताना चव थोडी खुलावी म्हणून एक लिंबू पिळलं. (हे कोणी सांगितलं होतं? कोणी नाही.)

चार तास. ९८, ९८, ९८, मग एकदम १०४, १०९, ११४. फेस बसला. गाळलं.

आणि रंग! पाचूसारखा. खाकीचा मागमूस नाही. उन्हात बरणी धरली तर पलीकडची खिडकी हिरवी दिसली. भाच्याला फोटो पाठवला, त्यानं टाळ्यांची चिन्हं पाठवली. मी दिवसभर हवेत. शेजारणीला दाखवलं, पेठेतल्या मैत्रिणीला दाखवलं. पहिल्या मागणीची नानकटाई याच तुपाची, असंही मनात ठरवून टाकलं.

५ फेब्रुवारी

आई परत आल्या. बरणी बघितली, झाकण उघडून वास घेतला. मग विचारलं, "कशात केलंस?"

पातेलं दाखवलं. त्यांनी ते खिडकीपाशी नेऊन आत बोट फिरवलं. बुडाच्या मधोमध तळहाताएवढ्या जागेत कल्हई उडालेली. पिवळं पितळ उघडं, घासल्यासारखं चकचकीत. लिंबानंच घासलं असणार.

"कल्हई नसलेल्या पितळेत आंबट शिजवलंस?"

बरणी मोरीत रिकामी होईपर्यंत त्या तिथून हलल्या नाहीत. दोनशे ग्रॅम घरचं तूप. मला रडू यायचं बाकी होतं.

रात्री बसून वाचलं तेव्हा तो पाचू उलगडला. हरितद्रव्यातून मॅग्नेशियम निघालं की ती जागा रिकामी होते. तिथे तांबं किंवा जस्त जाऊन बसलं की रंग परत हिरवा होतो, आणि पहिल्यापेक्षा पक्का. पितळ म्हणजे तांबं आणि जस्तच. एकोणिसाव्या शतकात युरोपात डबाबंद वाटाणे हिरवे दिसावेत म्हणून त्यांत मोरचूद (तांब्याचा क्षार) घालायचे, तो याचाच उघड प्रकार. म्हणजे मी ज्या रंगावर भाळले होते, तो ब्राह्मीचा नव्हताच, पातेल्याचा होता. शिवाय तांब्याच्या अंशानं तूप लवकर खवट होतं, ते वेगळंच. पोटात गेलं असतं तर मळमळ, उलट्या, असला प्रसाद.

मैत्रिणीला फोन करून सांगितलं. तिनं चव घेतली नव्हती. देव पावला.

७ फेब्रुवारी

पातेलं भांडी बाजारात नेलं. नाशिकची तांब्या-पितळेची भांडी एके काळी दूरवर जायची, आता कल्हई करून देणारा शोधावा लागतो. एक काका भेटले. पातेलं हातात घेऊन त्यांनी आधी बाहेरून टिचकी मारली, नाद ऐकला, म्हणाले, "वजनदार आहे, आता असं पातेलं होत नाही."

त्यांनी भांडं आतून घासलं, भट्टीवर धरलं, भात्यानं विस्तव फुलवला. भांडं तापल्यावर नवसागराची चिमूट टाकली. पांढरा धूर, नाकात झणझणणारा. मग कथलाची कांडी नुसती टेकवली आणि ती वितळून चांदीसारखी पसरली. हातातल्या कापसाच्या बोळ्यानं एका फिरकीत सगळ्या आतल्या बाजूला फिरवून घेतली. हे सगळं मिनिटभरात. मला ते पुन्हा बघायचं होतं, पण एकच पातेलं होतं.

काका म्हणाले, "ताई, रोज वापरत असाल तर वर्षातून दोनदा आणा. आणि लोखंडी घासणी लावू नका." मी अडीचशे रुपये दिले. मोरीत ओतलेल्या तुपाची किंमत त्यांना सांगितली नाही.

१६ फेब्रुवारी: प्रयोग चौथा

तरीही स्टीलच घेतलं. कल्हईवर माझा विश्वास आहे, माझ्या धीरावर नाही. लिंबू नाही. तूप २००, कल्क ५०, द्रव ८००.

या वेळी आई जवळ स्टूल घेऊन बसल्या. त्यांची रीत तापमापकाची नाही, कानाची. सुरुवातीला बुडबुडे मोठे, आवाज गढूळ, 'डुब डुब'. दोन तासांनी बारीक, घाईचा. मग तडतड. त्या म्हणाल्या, "आता कल्क बोटावर घे."

चमच्यानं काढून थंड केलेला कल्क अंगठा आणि तर्जनीत घेऊन वळला. पहिल्यांदा बोटाला चिकटला, चिखलासारखा. "अजून कच्चं." दहा मिनिटांनी परत. या वेळी त्याची बारीक वात वळली, बोट कोरडं राहिलं. ती वात चिमट्यात धरून गॅसच्या ज्योतीला लावली. चट् चट् आवाज. "ओल आहे." आणखी सात-आठ मिनिटं. परत वात, परत ज्योत. या वेळी निमूट पेटली, निरांजनासारखी, एकही तडतड नाही. तापमापकात १०८.

त्याच वेळी वरचा फेस बसला. वैद्यकाकांनी सांगितलेलं, तेलाला शेवटी फेस येतो, तुपाचा शेवटी बसतो. तो क्षण खरोखर दिसतो. एखाद्या सभेतून लोक उठून जावेत तसा फेस कडेकडेनं पातळ झाला आणि खालचं तूप स्वच्छ दिसलं.

अजून पाच मिनिटं ठेवलं असतं तर कल्क कुरकुरीत होऊन खरपाक झाला असता. त्या पाकाचं तूप पोटात घ्यायचं नसतं. आई म्हणाल्या, "उतरव." उतरवलं. गरम असतानाच पंच्यातून गाळलं. १७६ ग्रॅम. बाकीचं कल्कात गेलं. तो पिळून आणखी ९ ग्रॅम निघालं, ते वेगळं ठेवलं, गढूळ आहे.

रंग: खाकी. खरं तर सुक्या शेवाळाचा. चव कडवट, मागून गवताचा वास. फोटो पाठवला नाही.

२६ फेब्रुवारी

महाशिवरात्र. सकाळी कपालेश्वराची रांग, दुपारी साबुदाणा. शेजारच्या काकांनी हळूच विचारलं, "तुमच्या त्या बरणीत शंकराचा प्रसाद आहे म्हणे?" मी म्हटलं, ब्राह्मी आहे. त्यांना ते पटलेलं दिसलं नाही. गल्लीत बातमी अशीच पिकते.

त्यांना खुलासाही केला: १९८५ च्या कायद्यात गांजा म्हणजे झाडाचा फुलोरा. नुसती पानं त्या व्याख्येत येत नाहीत, म्हणून लोक समजतात की भांग मोकळी आहे. महाराष्ट्रात ती परवान्याशिवाय चालत नाही. काका म्हणाले, "आमच्या लहानपणी घोटायचे घाटावर." घोटत असतील.

१ मार्च

नानकटाई. मैदा १५०, बेसन ५०, रवा २५, पिठीसाखर १००, तूप १२०, वेलदोडा, जायफळ, चिमूटभर सोडा.

सगळं ब्राह्मीचंच तूप घातलं तर कडू होणार, म्हणून ४० ग्रॅम ब्राह्मीचं आणि ८० साधं. इथे भाच्याच्या रूममेटची ब्राउनी आठवली. थंडीत तूप रवाळ थिजतं. वरच्या थरात आणि खालच्या थरात फरक पडतो. एका नानकटाईत सगळं कडू आणि दुसरीत काहीच नाही, असं व्हायला नको. दोन्ही तुपं एकत्र पातळ केली, परत थिजू दिली, मग हातानं पांढरी होईपर्यंत फेटली. साखर घालून परत फेटली. पीठ हलकेच मिसळलं. २२ नग, प्रत्येक साधारण २० ग्रॅम. १६० अंशांवर १८ मिनिटं.

चार वेगवेगळ्या कोपऱ्यांतल्या चाखल्या. चारही सारख्या. कडवटपणा जायफळाच्या आड गेलेला, खाल्ल्यावर मागे थोडा रेंगाळतो. बेसनामुळे रंग बरा आला, त्या खाकीचं काही कळत नाही. आईंनी एक खाल्ली आणि विचारलं, "यात वेलदोडा जरा जास्त नाही ना झाला?" आमच्या घरात हे शाबासकीचंच वाक्य आहे.

१९ मार्च

आज रंगपंचमी. जुन्या नाशकात रहाडी (रंगाचे जुने हौद) उघडल्या आहेत, नवरा आणि मुलगा तिवंध्याला गेलेत, परत येतील ते पिवळे होऊन. नानकटाईचा दुसरा घाणा झाला. आठ शेजारी, बाकी डब्यात. भाच्यानं फोनवर विचारलं, "स्ट्राँग आहे का?" म्हटलं, कडू आहे.

बरणीत ९६ ग्रॅम उरलं. वर चिठ्ठी चिकटवली: ब्राह्मी (गोल पान), १६ फेब्रुवारी, स्टील, ओला चमचा घालू नये. पितळी पातेलं आईंनी परत माळ्यावर ठेवू दिलं नाही. त्यात आता रोज साधं वरण होतं. आंबट आमटीला ते निघत नाही.